घरी विचारून सांगतो

सोनावणेकाका पहिल्यांदा आमच्या डोंबिवलीच्या घरी आले, तेव्हा पाणी प्यायच्या आधी त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातले सगळे ड्रॉवर उघडून बघितले. चपला दारात काढल्या, "नमस्कार ताई" म्हणाले आणि थेट आत. माझी बायको सायली पाण्याचा ग्लास घेऊन त्यांच्या मागे, आणि मी तिच्या मागे. काकांनी चमच्यांचा ड्रॉवर उघडला, बंद केला. ओट्याखालचं कपाट उघडून वाकून आत बघितलं, "हं" म्हणाले. मग डॉक्टर विचारतात तशा आवाजात सायलीला विचारलं, "फोडणी करताना तुमचा हात आधी कुठे जातो?"

"डावीकडे," सायली म्हणाली. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"मग मिसळणाचा डबा उजवीकडे का?"

सायली माझ्याकडे बघायला लागली, कारण तो डबा तिथे मी ठेवलेला. काकांनी तो उचलून डावीकडे ठेवला, त्याच्या शेजारची साखर हलवली, दोन पावलं मागे जाऊन ओट्याकडे बघितलं आणि मग पाणी प्यायले. त्यानंतर महिनाभर आमच्या घरी जेवणाच्या ताटावर फक्त काकांचं कौतुक चालू होतं. मी दहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, माझं असं कौतुक कधी झालं नाही.

काका म्हणजे आमच्या ऑफिसातले डिझायनर. वय अठ्ठावन्न, उंची सहा फूट, खिशाला दोन पेनं आणि एक छोटी कात्री. ठाण्यातल्या आमच्या लहानशा कंपनीत आम्ही वेबसाइट बनवणाऱ्या लोकांसाठी ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेंशन करतो. ते चालू केलं की वेबसाइटच्या खाली किंवा बाजूला एक पॅनेल उघडतं. पान कुठे अडतंय, काय चुकलंय, काय ठीक आहे, याची त्यात यादी दिसते. त्या पॅनेलमध्ये कुठली गोष्ट कुठे बसवायची, हे ठरवणं काकांचं काम.

आता हे काम त्यांच्याकडे कसं आलं, तर लग्नाच्या पत्रिकांमुळे. काका बावीस वर्षं ठाण्यातच, कोपरीतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करायचे. आमचे मालक पाटकर सर, त्यांच्या लग्नाची पत्रिकाही काकांनीच मांडलेली. सर सांगतात, त्या लग्नाला आलेला एकही माणूस हॉल शोधताना चुकला नाही, आणि पत्रिकेत छापलेल्या नातेवाइकांपैकी कुणाचंही नाव कुणाच्या खाली गेलं म्हणून रुसवाफुगवी झाली नाही. पुढे छापखाना बंद पडला. इकडे आमचं पॅनेल इतकं भरून गेलेलं की कुणाला काही सापडेना. तेव्हा सरांना पत्रिका आठवली.

काका पॅनेल स्क्रीनवर करत नसत. "स्क्रीनवर केलं की लगेच खरं वाटायला लागतं," म्हणायचे. त्यांच्याकडे जुन्या उरलेल्या पत्रिकांचे गठ्ठे होते. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर ते पेन्सिलने बटणं आणि चौकटी काढायचे, कात्रीने कापायचे आणि टेबलावर मांडत बसायचे. एकदा व्हिडिओ कॉलवर बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला दाखवताना शोधाची चौकट हातात उलटी झाली आणि "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" असं कॅमेऱ्यात झळकलं. गिऱ्हाइकाने हा कुठला नवा विभाग म्हणून विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "हे जुनं आहे. लग्न झालं."

पॅनेल भरलं की त्यांचा एकच शेरा असायचा: "याचा शीळफाटा झालाय," म्हणजे त्या नाक्यावरच्यासारखी सगळीकडून कोंडी. आणि पॅनेल अरुंद केल्यावर आधी काय लपवायचं, यावर ते दोन-दोन दिवस घालवायचे. "खोलीत पाव्हणे वाढले की आधी कोण उठतं? घरातलं माणूस. मग ही सेटिंगची खूण उठेल. ती घरचीच आहे. चुकांची यादी पाव्हणी, ती बसून राहील."

त्यांची आणखी एक सवय म्हणजे वही घेऊन मागे उभं राहणं. आपण काम करत असताना माउस कुठे जातो, ते बघत राहायचं. आमच्याकडे तपासणीचं काम करणारी मनाली म्हणायची, "काका, बसा ना, मला घाम फुटतो." काका म्हणायचे, "तुझ्याकडे नाही बघत गं. हाताकडे बघतोय." आणि कुठलीही मांडणी पुरी झाली की सगळे तुकडे मिठाईच्या खोक्यात भरून म्हणायचे, "घरी विचारून सांगतो." दुसऱ्या दिवशी निकाल यायचा. "घरी नाही आवडलं," म्हणून अख्खं पॅनेल पुन्हा कापायला घ्यायचे. काकू पॅनेल पास करतात, हा आमच्या ऑफिसातला कायमचा विनोद होता. मनाली सकाळी सकाळी विचारायची, "काय काका, काकूंचं अप्रूव्हल आलं?" काका नुसते मान हलवायचे.

हा विनोद मी सर्वात जास्त केला. काकांची नक्कल हा चहाच्या टपरीवरचा माझा ठरलेला आयटम होता. खिशातनं कात्री काढायची, मान तिरकी करायची, "हात आधी कुठे जातो?" असं घशातनं विचारायचं. लोक पोट धरून हसायचे. एकदा मी नक्कल करत असताना काका मागेच उभे होते. काका म्हणाले, "छान करतोस. फक्त मी जरा सावकाश बोलतो. तू घाई करतोस." आणि चहाचा ग्लास घेऊन बाजूला गेले.

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला लाल आणि हिरवा यातला फरक कळत नाही. बारावीनंतर एका सरकारी नोकरीच्या डॉक्टरी तपासणीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलेलं. सगळ्यांना त्या ठिपक्यांत आकडा दिसत होता, मला नुसते ठिपके. नोकरी गेलीच, पण आईने घरी येताना रिक्षात माझा हात दाबून सांगितलं, "कुठे बोलू नकोस हां. उद्या लग्नाच्या वेळी कुणी खोट काढायला नको." ते डोक्यात इतकं बसलं की लग्नाच्या आधी मी सायलीलाही सांगितलं नाही. लग्नानंतर मी दोनदा हिरवेकच्च टोमॅटो आणले तेव्हा तिला कळलं. ती हसली नाही. तिने भाजी आणायचं काम माझ्याकडून काढून घेतलं.

ऑफिसात तर कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या पॅनेलमध्ये प्रत्येक ओळीला एक ठिपका होता, लाल म्हणजे चूक, हिरवा म्हणजे ठीक. त्या ठिपक्यावर माउस क्षणभर थांबवला की बारीक अक्षरात शब्द उमटायचा. मी तसं करून वाचायचो आणि काम रेटायचो. टीमचा लीड आणि त्याला स्वतःचं पॅनेल वाचता येत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

मागच्या वर्षी काकांनी नवी मांडणी आणली. त्यात ठिपके नव्हते. चुकीला त्रिकोण, ठीकला पोकळ गोल, आणि चुकीची ओळ बोटभर आत सरकवलेली. रंग होते, पण ते असले काय नसले काय. मी पॅनेल उघडलं आणि मला सगळं एका नजरेत दिसलं. कुठे थांबावं लागलं नाही. आठवडाभर मी इतक्या सुखाने काम केलं की संध्याकाळी डोकं दुखेना.

मग मीटिंगमध्ये पाटकर सर म्हणाले, बाजारात बाकी सगळ्यांचे साधे ठिपके आहेत, ते नीटनेटके दिसतात, आपलं हे जरा गावठी नाही वाटत? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला एवढंच म्हणायचं होतं की हे चांगलं आहे. पण लगेच मनात आलं, कुणी विचारलं का चांगलं आहे, तर? या एवढ्या भीतीपायी मी हसलो आणि म्हणालो, "खरंय सर. बालवाडीचं पुस्तक वाटतं. त्रिकोण काढा, गोल काढा, मोठ्याने म्हणा." सगळे हसले. मीच सगळ्यात मोठ्याने हसलो.

काकांनी वाद घातला नाही. एरवी एका चौकटीसाठी दोन दिवस भांडणारा माणूस. त्यांनी फक्त माझ्याकडे बघून विचारलं, "मंदारला चालेल ना पण?"

"मला काय धाड भरलीये," मी म्हणालो.

आठ दिवसांत ठिपके परत आले. वर पॅनेल आणखी हलकं व्हावं म्हणून माउस थांबवल्यावर उमटणारा तो शब्दही सरांनी काढून टाकला. त्यालाही मी मान डोलावली.

पुढच्या महिन्यात त्याच बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला डेमो होता. स्क्रीन माझी, बोलणार मी. मी त्यांची वेबसाइट उघडली, पॅनेल उघडलं, ठिपक्यांची रांग दिसली. आदल्या दिवशी मनाली म्हणालेली, सगळं ठीक चाललंय. मी छाती काढून म्हणालो, "बघा, सगळं ठीक आहे. एकही चूक नाही."

पलीकडून त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "आम्हाला तर सगळे लाल दिसतायत. तुम्ही चेष्टा करताय का?"

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. ठिपके आहेत तिथेच होते; रात्रीत काही बिघडलं असेल, तर ते मला सांगत नव्हते. पाटकर सर खुर्चीतून अर्धे उठले. तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून काकांचा आवाज आला, नेहमीसारखा सावकाश. "माफ करा, चूक माझी. काल मी रंग उलटे लावून बघत होतो, मंदारला तसं सांगितलेलं. सकाळी परत सरळ केले, ते त्याला सांगायचं राहिलं. मी जुना माणूस, गोंधळ होतो."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. कुणी काही उलटं केलेलं नव्हतं. मला एवढंच करायचं होतं, "नाही, असं नाहीये" म्हणायचं. मी माझा माईक बंद केला. तो बंद करताना माझा हात जराही थांबला नाही, हे मला आजही आठवतं.

काकांचं कंत्राट त्या महिन्याअखेर संपत होतं, या गोंधळानंतर सरांनी ते वाढवलं नाही. शेवटच्या दिवशी समोसे मागवले. काकांनी पत्रिकांचे गठ्ठे पिशवीत भरले, मला म्हणाले, "पॅनेल अरुंद करून बघत जा अधूनमधून," आणि गेले. मी लिफ्टपर्यंतसुद्धा गेलो नाही. फोन आल्याचं नाटक केलं.

पुढे तीन महिने मी गप्प. टपरीवर कुणीतरी म्हणायचं, मंदार, काकांची नक्कल कर ना. मी घसा बसलाय म्हणायचो. घरी सायली सारखी विचारायची, "काकांना बोलाव ना एकदा, मी वरचं कपाटही लावलंय नीट, त्यांना दाखवायचंय." मी आज-उद्या करत राहिलो. शेवटी एका रविवारी तिने अळूवड्यांचा डबा माझ्या हातात कोंबला. "कोपरीला त्यांच्या घरी जा आणि देऊन ये. काय झालंय ते मला सांगू नकोस, पण तुझं तोंड बघवत नाही." मी मुकाट निघालो.

काकांचं घर जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं. मला बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. "ये. चहा टाकतो," म्हणाले. मीही त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. ती सवय त्यांचीच लागलेली.

सहा फुटी माणसाचं स्वयंपाकघर, पण त्यात वरच्या फळ्या रिकाम्या. सगळे डबे खाली, कमरेच्या उंचीवर. काका चहापत्तीसाठी वाकले, साखरेसाठी वाकले, प्रत्येक वेळी एक हात पाठीवर. मला राहवलं नाही. "काका, तुमचा हात तर वर जातो. डबे खाली का?"

"माझे नाहीत ते," काका म्हणाले. "शोभाचे आहेत. ती बुटकी होती."

"काकू कुठे आहेत?"

"जाऊन चार वर्षं झाली."

काका आमच्या ऑफिसात लागून तीनच वर्षं झालेली. म्हणजे काकूंचं अप्रूव्हल, काकूंनी पास केलं का, घरी आवडलं का, हे सगळं आम्ही कुणाबद्दल बोलत होतो, ते माझ्या लक्षात आलं. 

"मग घरी विचारून सांगतो म्हणजे..."

"इथे ओट्यावर मांडायचो तुकडे. ती उभी राहायची तिथे उभं राहून बघायचो. नीट नसलं की कळतं."

चहा उकळायला लागला. मी म्हणालो, "काका, मला लाल-हिरवं कळत नाही." पाठ करून आलो नव्हतो, एकदम तोंडातनं निघालं.

"माहीत आहे," काका म्हणाले आणि आलं किसत राहिले. मग हात पुसून खालच्या फळीवरून ते मिठाईचं खोकं घेतलं. आत कापलेले तुकडे, प्रत्येकावर पेन्सिलने नाव. "मनाली, हात वर जातो." "पाटकर सर, घाई, दोनदा दाबतात." माझ्या नावाचा तुकडा त्यांनी शोधून माझ्या हातात दिला. त्यावर एक त्रिकोण, एक गोल आणि खाली एवढंच: "मंदार, हात इथे थांबतो." कशामुळे थांबतो, ते त्यांनी कागदावरही लिहिलेलं नव्हतं.

"तुम्ही मला बोलला का नाहीत?" मी विचारलं. "त्या दिवशी सगळ्यांसमोर तरी सांगायचंत. मी तुमची एवढी टिंगल केली."

"तुझं तू सांगायचं," काका म्हणाले. मग त्यांनी कप भरले. "शोभाला डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. लग्न ठरवताना तिच्या घरच्यांनी सांगितलं नव्हतं. मला आठव्या दिवशी कळलं. मग मी नेहमी उजवीकडनं हाक मारायचो. रस्त्यात चालताना उजवीकडे, झोपताना उजवीकडे. एकतीस वर्षं. तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं की मला माहीत नाही."

"केवढं सांभाळलंत तुम्ही."

"तेव्हा मलाही तसंच वाटायचं. आता वाटतं, बोलायला हवं होतं रे. एकतीस वर्षं ती एकटीच लपवत बसली. माझ्यासमोर तरी लपवायला लागायला नको होतं." त्यांनी अळूवडीचा डबा उघडला, एक खाल्ली आणि म्हणाले, "ताईंना सांग, चिंच बरोबर पडलीये." त्यानंतर आम्ही पाऊण तास पॅनेलबद्दलच बोललो.

सोमवारी मीटिंगमध्ये मी सांगितलं. रंगांचं सांगितलं, डेमोचं सांगितलं, आणि काका माझ्यासाठी खोटं बोलले तेही. एकदा सुरुवात केल्यावर फार तर दोन मिनिटं लागली. कुणी हसलं नाही. मनाली म्हणाली, "अरे, मग बोलायचंस ना." तिच्यासाठी ते इतकं साधं होतं, आणि मी त्या दोन मिनिटांपायी एका माणसाची खुर्ची घालवलेली. पाटकर सरांनी टेबलावरचा फोन स्पीकरवर टाकला आणि काकांना लावला.

सरांनी आमच्यासमोर त्यांची माफी मागितली. त्रिकोण परत घेतोय म्हणाले, तुम्हीही परत या म्हणाले, येताय ना?

पलीकडे कपबशी ठेवल्याचा आवाज आला. "घरी विचारून सांगतो," काका म्हणाले.

सगळं टेबल हसलं. मनालीने फोनकडे तोंड करून ओरडून सांगितलं, "काकूंना आमचा नमस्कार सांगा हां काका." सगळे माझ्याकडे वळले, कारण या विनोदावर पुढचं वाक्य नेहमी माझं असायचं.

"सांगतो गं," काका म्हणाले.

मी काही बोललो नाही. ते त्यांचं त्यांनी सांगायचं होतं.